आधी हात, मग हेडसेट: व्हीआरमधे हाडाला ड्रिल मारायचं सिम्युलेशन कसं उभं करायचं

नागपुरातली बरीच पोरंपोरी मला विचारत असतात की दादा, व्हीआरमधे (म्हणजे हेडसेट लावून दिसणाऱ्या आभासी जगात) हाडाचं ऑपरेशन बनवायचं आहे, हेडसेट कोणता घेऊ. कोणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतं, कोणी मेडिकलला इंटर्नशिप करून राहिलं असतं, पण पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच. आणि माझं उत्तरही दरवेळी एकच, हेडसेट सगळ्यात शेवटी. हाडाच्या सर्जरीत ड्रिल आत कुठवर गेलं हे सर्जनला दिसत नाही, ते त्याच्या मनगटाला कळतं, आणि तुमच्या सिम्युलेटरमधे ते मनगटाला कळणंच नसेल तर समोर कितीही चकाचक ऑपरेशन थिएटर उभं करा, शिकणाऱ्याच्या हाताला काहीच मिळत नाही. म्हणून मी खाली सगळं हाताच्या बाजूने सांगून राहिलो, त्याच क्रमाने करा, मधल्या पायऱ्या गाळू नका.

एकच भोक ठरवा

"पूर्ण नी रिप्लेसमेंट बनवतो" असं म्हणून जे सुरू करतात ते सहा महिन्यांनी गुडघ्याच्या सुंदर चित्रापाशी अडकलेले दिसतात. तुम्ही एवढंच घ्या की नडगीच्या हाडाला प्लेट बसवायची आहे आणि एका स्क्रूसाठी एक भोक पाडायचं आहे, बस. ३.५ मिमीचा कॉर्टिकल स्क्रू असला तर त्याच्यासाठी २.५ मिमीचा ड्रिल बिट वापरतात आणि भोक आरपार जातं, म्हणजे आधी अलीकडचं कडक कवच, मग मधली मऊ मज्जा, मग पलीकडचं कडक कवच. ऑर्थोवाले, म्हणजे हाडांचे डॉक्टर, याला निअर कॉर्टेक्स आणि फार कॉर्टेक्स म्हणतात, तुम्हीही हेच शब्द तोंडात बसवा कारण पुढे त्यांच्यासोबतच बसायचं आहे.

या एका भोकात हाताला काय काय होतं ते पाहा. हाड गोल असतं म्हणून सुरुवातीला टोक घसरतं. मग ते रुततं, आणि एकसारखा जोर लावत राहावं लागतं. मग अचानक आत गेल्यासारखं होतं, ती मज्जा. मग पुन्हा भिंत लागते, ड्रिलचा आवाज बदलतो, आणि अनुभवी माणूस इथेच हाताचा जोर कमी करतो कारण आता काय होणार ते त्याला माहीत आहे, पलीकडची भिंत फुटते आणि ड्रिल सुटतं. याला ते प्लंज म्हणतात. नडगीच्या मागच्या बाजूने रक्तवाहिन्या आणि नस जाते, आणि नवशिक्याचं ड्रिल तिकडे किती मिलिमीटर घुसलं यावर बरंच काही ठरतं. पोरांना हे कुठेतरी शिकावंच लागणार, मग ते पेशंटच्या पायाऐवजी टेबलावर का नको, मला या कामाची ओढ लागली ती यासाठीच. तुमचा अख्खा सिम्युलेटर या सुटण्याच्या क्षणासाठी आहे असं समजा.

बांबू आणा

हो, कॉम्प्युटर उघडायच्या आधी. आपण विदर्भातले लोक, बांबू आपल्याकडे कुठेही मिळतो, जाड भिंतीचा सुका तुकडा घ्या, दोन पेरांच्या मधला. अलीकडची भिंत, मधली पोकळी, पलीकडची भिंत, निअर कॉर्टेक्स फार कॉर्टेक्स तयारच आहे. पोकळीत ओला स्पंज ठासला तर मज्जेचं कामही भागतं. मांसाहारी असाल तर मटणवाल्या भाऊकडून अख्खी नळी मागून आणा, ती बांबूपेक्षा कितीतरी खरी, पण मास्क लावा आणि नंतर सगळं साबणाने धुवा. लकडगंजात सागवानाचे तुकडे मिळतात तेही दोनचार घेऊन ठेवा, वेगवेगळा कडकपणा हाताला माहीत असलेला बरा.

आता नीट वाचा. बांबू व्हाइसमधे घट्ट पकडा आणि तो व्हाइस बाथरूमच्या डिजिटल वजनकाट्यावर ठेवा. काट्यावर व्हाइसचं वजन किती दिसते ते लिहून घ्या. समोर मोबाइल उभा करून काट्याचा व्हिडिओ सुरू करा आणि साध्या हातड्रिलने वरून सरळ भोक पाडा. डोळ्यांना चष्मा हवाच, आणि उन्हासाठी गळ्यात गुंडाळलेला दुपट्टा आधी काढून ठेवा, फिरत्या ड्रिलजवळ सैल कपडा नको, सैल हातमोजे तर अजिबात नको.

मी गच्चीवर हे पहिल्यांदा केलं तेव्हा काटा व्हाइसच्या वजनाच्या वर तीन साडेतीन किलोला खेळत होता, बारीक पिवळसर भुसा बिटच्या भोवती चढून राहिला होता, मधे पोकळीत काटा एकदम खाली आला, मग पलीकडच्या भिंतीला परत चढला, आणि मग एका झटक्यात सगळं संपलं, ड्रिलचा चक खाडकन बांबूवर आपटला आणि बिट पलीकडे चांगला तीन बोटं बाहेर. मला वाटत होतं मी सावकाश करून राहिलो. व्हिडिओ हळू करून पाहिला तर तो झटका डोळ्याची पापणी लवेपर्यंत होऊन गेलेला. असे दहा भोकं पाडा. दहाव्यापर्यंत तुमचा हात आपोआप शेवटी सैल पडायला लागतो, हे जे तुमच्या हातात आलं ना, तेच दुसऱ्याच्या हातात आणून द्यायचं आहे. व्हिडिओवरून प्रत्येक टप्प्याचे आकडे कागदावर उतरवा, एक किलो म्हणजे साधारण ९.८ न्यूटन. हा कागद पुढे लागणार आहे, फेकू नका.

यंत्र

व्हीआर हेडसेटसोबत जे कंट्रोलर येतात ते फक्त थरथरतात, तुमचा हात ते अडवू शकत नाहीत. हवेत ड्रिल पुढे ढकललं तर ते जातच राहील, हाड मधे असो की नसो. हात अडवायला फोर्स फीडबॅकचं यंत्र लागतं, टेबलावर ठेवलेला एक छोटा हात आणि त्याच्या टोकाला पेन.

या विषयावरचे जुने शोधनिबंध, म्हणजे पेपर, वाचायला घ्याल तर नावांनी गोंधळून जाल म्हणून आधीच सांगतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटीमधे थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांनी फँटम नावाचं यंत्र बनवलं आणि त्यातून सेन्सेबल नावाची कंपनी निघाली (हा मॅसी पुढे अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला). सेन्सेबल २०१२ मधे जिओमॅजिकने घेतली, आणि जिओमॅजिक २०१३ मधे थ्रीडी सिस्टिम्सने. म्हणून जुन्या पेपरातलं फँटम ऑम्नी, मधल्या पेपरातलं जिओमॅजिक टच आणि आताचं टच हे सगळं एकाच घराण्यातलं. शिकायला हेच सगळ्यात जास्त वापरतात. किंमत लाखांत जाते, त्यामुळे स्वतः घ्यायच्या आधी कॉलेजच्या रोबोटिक्स नाहीतर मेकॅनिकलच्या लॅबमधे विचारा, बरेचदा कपाटात डबाबंद पडलेलं असतं आणि कोणाला ते काय आहे हे माहीत नसतं. नोव्हिंट फाल्कन म्हणून एक स्वस्त यंत्र होतं, आता बनत नाही, पण सेकंडहँड मिळालं तर त्यावरही शिकता येतं.

आता आकडे, कारण इथे पुष्कळांचा भ्रमनिरास होतो. ऑम्नीचा सगळ्यात जास्त जोर ३.३ न्यूटन. म्हणजे साधारण ३४० ग्रॅम, आपली दोन मोठी संत्री हातावर ठेवली तेवढा. आणि हा फक्त क्षणभर, सतत द्यायचा म्हटलं तर ०.८८ न्यूटन, म्हणजे ९० ग्रॅम, एक लहान संत्रं. तुमच्या बांबूच्या कागदावर तीन साडेतीन किलो लिहिलेलं आहे. हे कधीच जुळणार नाही, आणि जुळवायची गरजही नाही. हाताला कळतो तो फरक. भिंत आणि पोकळी यांचं प्रमाण कागदावरून घ्या, भिंतीला अडीच न्यूटन ठेवा आणि पोकळी त्या प्रमाणात खाली आणा, सुटताना एकदम शून्य करा, मनगट ते बरोबर ओळखतं. मी ऑर्थोच्या लोकांना हे करून दाखवलं आहे, पहिल्या अर्ध्या मिनिटात ते म्हणतात हलकं आहे, दुसऱ्या मिनिटापासून कोणी काही म्हणत नाही कारण ते भोक पाडण्यात गुंतून जातात.

आणखी एक मर्यादा, हे यंत्र पेनची जागा आणि कल सहा बाजूंनी मोजतं पण जोर तीनच दिशांनी देतं, पीळ देत नाही. म्हणजे भोकात बिट तिरपा केला तर खऱ्यात जसा तो आवळतो तसं इथे होणार नाही. त्याला उपाय आहे, खाली सांगतो.

यंत्र नसेल तरी थांबू नका. ड्रिलचं टोक सेकंदाला दहा मिलिमीटरने पुढे जाऊन राहिलं असं कोडमधेच मानून लूप, म्हणजे तोच हिशोब परत परत करणारा कोडचा भाग, चालवा आणि निघालेल्या जोराचा आलेख काढा. दोन डोंगर, मधे दरी, शेवटी कडा, असा आलेख आला की अर्धं काम यंत्राशिवाय झालं.

सीटी स्कॅनमधून हाड

सीटी स्कॅनमधे प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, हौन्सफील्ड युनिट, सीटी बनवणाऱ्या गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या नावावरून, त्यांना १९७९ चं नोबेल मिळालं. हवा उणे १०००, पाणी ०, स्पंजासारखं आतलं हाड काहीशेत, आणि कडक कवच १०००च्या वर. म्हणजे कडकपणाचा नकाशा तुम्हाला फुकट मिळाला, याच आकड्यावरून जोर काढायचा.

सॉफ्टवेअर थ्रीडी स्लायसर घ्या, फुकट आहे. त्याच्या सॅम्पल डेटामधे छातीचा सीटी मिळतो, पहिला सराव बरगड्यांवर करा. नंतर अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा व्हिजिबल ह्यूमन प्रोजेक्ट आहे, तोही फुकट, त्यात पुरुषाच्या अख्ख्या शरीराचा सीटी आहे, नडगी तिथून काढता येते. धंतोली रामदासपेठेत पावलापावलावर स्कॅन सेंटर आहेत आणि कोणीतरी ओळखीचा सीडी देऊन टाकतो हे मला माहीत आहे, पण असं घेऊ नका. त्या सीडीत फोटोसोबत पेशंटचं नाव, वय, तारीख सगळं फाइलच्या आत लिहिलेलं असतं. पेशंटची लेखी परवानगी आणि सेंटरकडून नाव काढलेली फाइल, दोन्ही हातात असेल तरच वापरा.

स्कॅन किती जाडीच्या कापांचा आहे ते सगळ्यात आधी पाहा. १ मिमी किंवा कमी असेल तर छान. ५ मिमीचे काप असले तर हाडावर पायऱ्या दिसतात आणि ड्रिल त्या पायऱ्यांवर अडखळतं, सर्जन लगेच म्हणतो हे हाड नाही. असा स्कॅन सरळ सोडून द्या, गुळगुळीत करत बसण्यात दिवस जातात आणि पातळ कवच पुसलं जातं ते वेगळंच. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या आकड्याच्या वरचं सगळं हाड मानायचं ती सीमा, २५० ते ३०० पासून सुरू करून हळूहळू सरकवा, आणि सांध्याजवळचं पातळ हाड गायब तर होत नाही ना हे प्रत्येक वेळी तिन्ही बाजूंनी पाहून घ्या.

मग पुष्कळ जण इथे हाडाची एसटीएल फाइल काढतात आणि तिच्यावर ड्रिल मारायला जातात. एसटीएल म्हणजे नुसती साल. सालीला भोक पाडलं तर आत काहीच नाही. तुम्हाला आतून भरलेलं हाड पाहिजे, म्हणून आकड्यांचे ठोकळेच ठेवा, व्हॉक्सेल म्हणतात त्यांना. १० सेंमी बाय १० सेंमी बाय ३० सेंमीचा तुकडा अर्ध्या मिलिमीटरच्या ठोकळ्यांत पाडला तर २ कोटी ४० लाख ठोकळे होतात, एकेका ठोकळ्याला एक बाइट दिला तर २४ एमबी, आजच्या कोणत्याही लॅपटॉपला हे काहीच नाही. हौन्सफील्डचा आकडा ० ते २५५ मधे बसवून घ्या म्हणजे झालं.

एक मिलिसेकंद

हा भाग सावकाश वाचा. डोळ्यांना सेकंदाला ९० चित्रं पुरतात. कडक वस्तूला टेकलेल्या हाताला ९० पुरत नाही, सेकंदाला १००० वेळा जोर नवीन काढून द्यावा लागतो, म्हणजे प्रत्येक हिशोबाला फक्त एक मिलिसेकंद. का ते समजून घ्या. यंत्राला भिंत वगैरे काही कळत नाही, तुम्ही टोक हाडात किती मिलिमीटर घुसलं ते मोजता आणि तेवढा स्प्रिंगचा जोर उलट्या दिशेने देता. आता हिशोबाला उशीर झाला समजा, तुमचा हात मागे आला आहे पण यंत्र अजून जुन्या खोल जागेचा जोर देऊन राहिलं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त ढकललं, तुम्ही परत पुढे येता, परत उशीर, परत जास्त, आणि पेन घर्रकन थरथरायला लागतं.

माझ्याकडून हे झालेलं आहे. आकडे पाहावे म्हणून मी त्या लूपच्या आतच स्क्रीनवर छापायची एक ओळ ठेवली होती आणि काढायची विसरलो. एका इंटर्न मुलीच्या हातातून पेन उसळलं आणि तिच्या बोटाच्या पेराला लागलं. जखम नव्हती पण चूक पूर्ण माझी होती, आणि त्या दिवसापासून मी तीन गोष्टी केल्याशिवाय कोणाच्या हातात पेन देत नाही. जोर ३ न्यूटनच्या वर जाऊच द्यायचा नाही, कोडच्या शेवटच्या ओळीला कापायचा. सुरू होताना पहिला अर्धा सेकंद जोर शून्यातून हळूहळू चढवायचा. आणि लूपच्या आत छापणं, फाइल लिहिणं, नवीन मेमरी मागणं, कशाची वाट पाहणं, काहीही नको. आकडे पाहायचे असतील तर आधीच घेतलेल्या जागेत टाकत राहा, लूप थांबल्यावर वाचा.

म्हणूनच हा लूप चित्राच्या लूपपासून वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या रांगेत, ठेवा आणि सी प्लस प्लसमधे लिहा. युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) काम करत असाल तरी हा भाग प्लगइन म्हणून बाहेर ठेवा, कारण तिथली भाषा सी शार्प मधेच मेमरी साफ करायला थांबतं आणि ते थांबणं डोळ्याला कळलं नाही तरी हाताला कळतं. शून्यातून लिहायचं नसेल तर चाय थ्रीडी नावाची फुकट लायब्ररी आहे, तिची उदाहरणं आधी जशीच्या तशी चालवून पाहा, आठवडाभर नुसता गोल चेंडू दाबत बसा. हा आठवडा वाया गेला असं वाटू देऊ नका.

स्प्रिंग किती कडक ठेवायची तर अर्धा न्यूटन प्रति मिलिमीटरपासून सुरू करा, त्याच्याही खालून केलं तरी चालेल. थरथर सुरू होईपर्यंत वाढवा आणि मग चांगली मागे या. आता गंमत पाहा, अर्ध्या न्यूटनने ३.३ न्यूटन गाठायला टोक ६.६ मिमी आत जावं लागते, म्हणजे खऱ्यात ते हाडात घुसलेलं असते. याला १९९५ मधे झिल्स आणि सॅलिसबरी यांनी सोपा तोडगा दिला, गॉड ऑब्जेक्ट. खरं टोक आत गेलं तरी पडद्यावरचं टोक हाडाच्या पृष्ठभागावरच ठेवायचं. डोळे सांगतात ड्रिल अडलं, आणि हात डोळ्यांचं ऐकतो. ही एक गोष्ट केली की हाड दुप्पट कडक वाटायला लागते, मी दोन्ही प्रकारे करून पाहिलं आहे.

हाडाशी टक्कर शोधायला ड्रिलच्या टोकावर पन्नास साठ ठिपके पेरा. प्रत्येक ठिपका आपण कोणत्या ठोकळ्यात आहोत तेवढं पाहतो, भरलेला असला तर आपल्या परीने मागे ढकलतो, आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे जोर. ही कल्पना बोइंगमधल्या लोकांनी १९९९ मधे मांडली, विमानाचे भाग अडचणीच्या जागेत बसतात की नाही ते हाताने तपासायला. ठोकळ्यात पाहणं इतकं स्वस्त आहे की मिलिसेकंदात आरामात होते.

आपल्या इथली एक गोष्ट सांगून ठेवतो. सतत जोर दिला की यंत्राच्या मोटरी तापतात आणि ड्रायव्हर मोटर गरम झाल्याची सूचना देतं. मे महिन्यात दुपारी पारा ४५ला असताना खोलीच आधीच तापलेली असते, त्यामुळे लांब चाचण्या सकाळी घ्या, आणि दोन भोकांच्या मधे पेन खालच्या खाचेत ठेवायची सवय लावा. इंकवेल म्हणतात तिला, आपली दौत. तिथे ठेवलं की यंत्राची जागाही परत बरोबर जुळते.

हाड झिजवणं

भिंत तयार झाली, आता तिला भोक पडलं पाहिजे. प्रत्येक ठोकळ्यात ० ते २५५ आकडा आहेच, ड्रिल फिरत असताना टोकाखालच्या ठोकळ्यांतून दर मिलिसेकंदाला थोडा थोडा आकडा कमी करत जा, शून्य झाला की ठोकळा गेला. किती कमी करायचा ते दोन गोष्टींवर ठेवा, हाताचा जोर जास्त तर जास्त, हाड कडक तर कमी. ड्रिल बंद असेल तर कितीही दाबलं तरी काही झिजायला नको, हे तपासायला लोक विसरतात. गती बांबूच्या व्हिडिओवरून घ्या, भिंत फुटायला किती सेकंद लागले ते तिथे आहेच.

वरचा पिळाचा उपाय इथे येतो. टोक निअर कॉर्टेक्सच्या आत गेलं की भोकाचा अक्ष लक्षात ठेवा, आणि नंतर पेन त्या अक्षापासून बाजूला सरकायला लागलं तर बाजूची एक स्प्रिंग लावून त्याला परत ओढा. खरा पीळ नाही, पण बिट भोकात बसला आहे हे हाताला पटतं.

चित्रासाठी ठोकळ्यांवरून पृष्ठभाग काढायचा तर मार्चिंग क्यूब्स वापरा, लॉरेन्सन आणि क्लाइन यांची १९८७ ची पद्धत, सगळीकडे तयार कोड मिळतो. फक्त अख्खं हाड परत परत काढू नका, ते ३२ बाय ३२ बाय ३२ च्या पेट्यांत वाटून ठेवा आणि ज्या पेटीत ड्रिल आहे तेवढीच नवीन करा. चित्र एखादा क्षण मागे राहिलं तर चालतं, हात मागे राहिलेला चालत नाही.

थरथर आणि आवाज

मिनिटाला १००० फेरे म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७, बिटला दोन धारा असतात म्हणून ३३ ठोके. ही थरथर यंत्र सहज देतं, जोरावर एक बारीकशी लाट चढवा, फार नको. पण उद्या तुम्ही कानामागच्या हाडाच्या सर्जरीकडे वळलात तर तिथला बर (हाड घासणारं फिरतं टोक) मिनिटाला ७०,००० फेरे घेऊ शकतो, म्हणजे सेकंदाला ११६७, आणि १००० हर्ट्झच्या लूपमधून जास्तीत जास्त ५०० हर्ट्झची थरथर निघते. तिथे हाताचा नाद सोडा आणि आवाजाला ते काम द्या. आवाज तसाही फार महत्त्वाचा आहे. बांबूचाच आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, मोकळा फिरताना, भिंतीत, पोकळीत, असे तुकडे करा आणि जोर वाढला की सूर थोडा खाली आणा. आवाज बंद करून आणि सुरू करून एकाच माणसाला भोक पाडायला लावा, तो म्हणेल की तुम्ही हाड बदललं.

आता हेडसेट

आतापर्यंत साध्या मॉनिटरवर सगळं चालत असेल तरच इथे या. हेडसेट कोणताही, कॉम्प्युटरला केबलने जोडता येईल असा घ्या म्हणजे हाताचा लूप कॉम्प्युटरवरच राहतो. ग्राफिक्स कार्ड बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, पाहताना ९० चित्रं दोन्ही डोळ्यांना देईल एवढंच बघा, त्याच्यापलीकडे पैसे घालायची गरज नाही.

एकच काम मन लावून करायचं आहे, डोळ्यांना दिसणारं पेन आणि हातातलं पेन एकाच जागी आणणं. टेबलावर चार खुणा करा, प्रत्येक खुणेला आधी हेडसेटच्या कंट्रोलरने आणि मग यंत्राच्या पेनाने टेका, आणि त्या चार जोड्यांवरून दोन्ही जागा जुळवा. अर्ध्या बोटाचा फरक राहिला तरी हात बावरतो. यंत्र टेबलाला पट्टीने आवळा, आणि टेबल जड घ्या, प्लास्टिकच्या टेबलावर सगळं हलते, खिडकीत कूलर सुरू असला तर त्याचीही थरथर टेबलापर्यंत येते. डाव्या हाताखाली एक खरा बांबूचा तुकडा ठेवा, सर्जनचा डावा हात कधी रिकामा नसतो, आणि त्या हाताला काहीतरी खरं लागलं की उजव्या हातालाही विश्वास बसतो. उन्हाळ्यात मधेच लाइट जातात म्हणून यूपीएस हवा, डोळ्यांवर हेडसेट असताना अंधार होणं कोणालाही आवडत नाही.

ऑर्थोवाल्याच्या हातात द्या

"सर कसं वाटते" असं विचारलं की सगळे छानच म्हणतात. काही विचारू नका, भोकं पाडायला लावा आणि आकडे घ्या. टोक फार कॉर्टेक्सच्या पलीकडे किती मिमी गेलं, अक्ष किती अंश कलला, किती वेळ लागला. फिरतं ड्रिल एकाच जागी किती सेकंद टेकलं तेही, कारण हाड तापतं, १९८३ मधे एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी दाखवलं की ४७ अंशाला एक मिनिट राहिलं तर हाडाला इजा होते, म्हणून खऱ्या सर्जरीत सलाइन सोडत राहतात.

दहा वर्षं ऑपरेशन केलेले सर, दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट आणि ज्याने कधी ड्रिल धरलं नाही असा एक जण, तिघांना प्रत्येकी दहा भोकं द्या. सरांचं प्लंज कमी आणि नवशिक्याचं जास्त आलं तर तुमचं यंत्र खरोखर काहीतरी मोजून राहिलं. तिघांचं सारखं आलं तर अजून ते हाड नाही, मग बांबूचा कागद काढा आणि सगळ्यात आधी सुटण्याची जागा तपासा. माझ्या पहिल्या आवृत्तीत तिघांचं सारखंच आलं होतं. ओपीडी आटोपून आलेल्या एका सरांनी तीन भोकं पाडली, पेन दौतीत ठेवलं, आणि हवेतच अंगठ्याने दाबून दाखवलं, म्हणाले, "बाळा, तुझं हाड शेवटी एकदम संपते, खरं हाड संपायच्या आधी थोडं सांगते." ते थोडं म्हणजे शेवटचा अर्धा पाऊण मिलिमीटर, जिथे कवच पातळ होऊन जोर आधी किंचित उतरतो आणि आवाज बारीक चढतो. मी तेवढ्या जागेत जोर टप्प्याटप्प्याने उतरवला, आवाजाचा सूर तिथे वर नेला, दुसरं काहीच बदललं नाही. पुढच्या आठवड्यात ते परत आले तेव्हा चौथ्या भोकाला त्यांचा हात त्याच जागी आपोआप सैल पडला.